दिव्याच्या जागी रेघ

“तुमी आत्ता किती उंचीवर उभे अहांत?”

अंबुजाबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या अशा. मी त्यांच्या दारात एका पायावर तोल सांभाळत बुटाची नाडी सोडत होतो. शेजारी माझी मुलगी मुक्ता उभी होती. चेन्नईच्या टी. नगरमधल्या त्या गल्लीतून साड्यांच्या दुकानाच्या लाउडस्पीकरचा आवाज थेट जिन्यात वर येत होता. मी म्हणालो, “तिसरा मजला.”

“मजले बिल्डर मोजतो. समुद्रापासून किती?”

“माफ करा, माहीत नाही.”

“माफ कशाला? माहीत नाही म्हणालांत ते बरं झालं. शून्य म्हणाला असतांत तर परत पाठवलं असतं.” मग त्या मुक्ताकडे वळल्या. “तू सांग, कण्णा, बाळा.”

“झीरो?” मुक्ता म्हणाली.

“ऐय्यो! बापाच्या पुण्याईवर आत ये.”

अंबुजाबाईंनी नोकरीची सगळी वर्षं विमानतळावरच्या एका कार्यालयात काढली होती. ठिकठिकाणच्या विमानतळांची माहिती मागवायची, तपासायची आणि वैमानिकांच्या नकाशांवर ती बरोबर छापली जाते की नाही ते पाहायचं, असं ते काम. निवृत्त झाल्यावर त्या दर रविवारी सकाळी घराच्या हॉलमध्ये शिकाऊ वैमानिकांना नकाशावाचन शिकवू लागल्या. जेवणाचं लांब टेबल, त्यावर काच, काचेखाली नकाशा. नव्वारी नाही, पाचवारीच, पण चापून नेसलेली. नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. घराणं तंजावरकडचं, कित्येक पिढ्या तमिळ मुलखातली. माझं बोलणं दोन मिनिटं ऐकून त्यांनी निकाल दिला होता, “तुमचं मराठी इस्त्री केलेलं. अमचं रोज घरात नेसायचं.” वर्गात त्या तमिळ, इंग्रजी आणि हे मराठी सरमिसळ बोलायच्या, आणि मुलांना ते कळायचं.

मुक्ताला वैमानिक व्हायचं होतं. तिला आमच्या पेरुंगुडीच्या घरून सोडायला मी जायचो आणि वर्ग संपेपर्यंत तिथेच थांबायचो, कारण टी. नगरमध्ये एकदा मिळालेली गाडीची जागा सोडून जाणं शहाण्या माणसाचं काम नव्हे. पालकांना बसायची सोय तिथे नव्हती. मी चपलांच्या कपाटाजवळच्या स्टुलावर बसायचो आणि आपण उगाच जागा अडवली आहे असं मला वाटत राहायचं.

मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. मुलीला कोल्हापूरपासून, आजी-आजोबांपासून तोडून इथे आणलं याचं वाटतं. तिला तमिळ आणि इंग्रजी सहज येतं आणि मराठी बोलताना ती अडखळते, याचं वाटतं. तिच्या उडण्याला मी हो म्हणालो आणि तेव्हापासून तिच्या आईची झोप उडाली, याचंही वाटतं. अंबुजाबाईंनी हे तिसऱ्या रविवारी ओळखलं. कॉफीचा पेला माझ्यापुढे ठेवत त्या म्हणाल्या, “तुमचं तोंड नेहमी उशिरा आलेल्या माणसासारखं कां असतं हो? कोणी बोलावलेलंच नाही तुमाला. मग उशीर कसला?”

कुठल्याही गावाचं नाव काढलं की बाईंच्या तोंडून आधी त्याची उंची यायची. कोणी म्हणालं, मदुराईला लग्नाला चाललोय, की त्या म्हणायच्या, “साडेचारशे फूट. जाऊन या.” कोइमतूर तेराशेच्या वर. मी कोल्हापूरचा, हे कळल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “दोन हजार फूट! आणि आवाज इतका खालून कसा काय येतो?” पोरं हसली. मीही हसलो.

ही उंचीची ओढ निव्वळ हौस नव्हती. समुद्रकाठी वाढलेल्या मुलांची एक हमखास चूक असते, असं त्या सांगायच्या. चेन्नईचा विमानतळ समुद्रापासून पन्नासेक फूट वर. विमानातलं उंची दाखवणारं यंत्र समुद्रापासून मोजतं, आणि इथे जमीन आणि समुद्र जवळजवळ एकच. त्यामुळे इथल्या मुलांच्या मनात जमीन म्हणजे शून्य असं घट्ट बसतं. मग पठारावरच्या गावाला जायचं गणित दिलं की ती फसतात.

मुक्ता कशी फसली ते मी स्टुलावरून पाहिलं आहे. बाईंनी तिला मुद्दाम कोल्हापूर दिलं होतं. उतरण्यापूर्वी विमानतळाभोवती घिरटी घ्यायची ती जमिनीपासून हजार फुटांवरून. मुक्ताने भराभर आकडे मांडले आणि उत्तर दिलं, “पंधराशे फुटांवर पोचून मग खाली यायचं. थोडं मार्जिन ठेवलंय, मॅम.”

अंबुजाबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “मार्जिन ठेवलंस? शाबास. जमीन दोन हजारांवर, तू पंधराशेवर. म्हणजे तू कुठे अहेस?”

मुक्ताचा चेहरा पडला.

बाई माझ्याकडे वळल्या. “मिस्टर कोल्हापूर, तुमच्या घराच्या पायाखालून गेली की पोर! पाचशे फूट खोल. आता खणून कोण काढणार? तुमची आई घरीच असते नां? तिला फोन करा, कुदळ तयार ठेवा म्हणावं.”

हॉल हसण्याने दणाणला. मुक्ताही कान लाल करून हसली. मला मात्र, सवयीप्रमाणे, आपल्या मुलीला आपलं गाव किती उंचावर आहे हेसुद्धा आपण कधी सांगितलं नाही, याचं वाईट वाटलं. पण त्या रात्री मुक्ताने स्वतःहून आजीला फोन लावला आणि आपल्या मोडक्या मराठीत सांगितलं, “आजी, तू दोन हजार फूट उंच आहेस.” आजी म्हणाली, “मग तू वर ये की.” हा फोन बाईंच्या चेष्टेमुळे झाला होता, हे मी विसरलेलो नाही.

नकाशावर प्रत्येक विमानतळाच्या खुणेशेजारी त्याची माहिती दोन ओळींत असते. आधी नाव. खाली समुद्रापासूनची उंची फुटांत. मग धावपट्टीला दिवे असतील तर एल हे अक्षर. धावपट्टी पक्की, बारमाही असेल तर एच. शेवटी धावपट्टीची लांबी, शेकड्यांत: अठरा म्हणजे अठराशे मीटर. उंची फुटांत आणि लांबी मीटरमध्ये, हीसुद्धा नवख्यांना पाडणारी जागा. पण बाईंचा खरा जीव होता तो रेघेवर. दिवे नसतील तर एलची जागा मोकळी सोडत नाहीत, तिथे एक आडवी रेघ मारतात.

“मोकळी जागा म्हणजे काय?” त्या विचारायच्या.

“माहिती नाही,” मुलं म्हणायची.

“आणि रेघ?”

“नाही.”

“नुसतं नाही, नव्हे. कोणीतरी विचारलं, कोणीतरी जाऊन पाहिलं, आणि मग नाही म्हणालं. रेघेत माणूस अहे. मोकळ्या जागेत कोणी नाही.”

ही रेघ त्यांनी घरभर पसरवली होती. इमारतीची लिफ्ट बिघडली की वॉचमन दोन-दोन दिवस नुसतं ‘बघतोय’ म्हणायचा. बाईंनी एक पुठ्ठा कापला, त्यावर ठळक अक्षरांत ‘लिफ्ट’ लिहिलं, पुढे रेघ ओढली आणि पुठ्ठा दोरीने दाराला अडकवला. महिन्याभरात सगळी इमारत ती भाषा बोलायला लागली. ‘आज पाणी रेघ,’ असं समोरच्या मामी जिन्यातून तमिळमध्ये ओरडताना मी ऐकलं आहे. याच मामींनी एकदा माझ्यादेखत, बहुधा माझ्यासारखा नवा श्रोता मिळाला म्हणून, बाईंना विचारलं होतं, “खरंच, तू लग्न का केलं नाहीस, अंबुजा?” बाईंनी कॉफी वर-खाली ओतणं थांबवलं नाही. “रेघ, मामी,” त्या म्हणाल्या. “मोकळी जागा नव्हे. बघून, विचार करून, रेघ.” मामी पुन्हा कधी त्या वाटेला गेल्या नाहीत. मला मात्र त्या बोलण्यात दुःख सापडलं नाही, आणि मी दुःख शोधण्यात तरबेज आहे.

दुसरी सवय तारखेची. नकाशा हातात आला की पहिल्यांदा कोपऱ्यातली आवृत्तीची तारीख वाचायची, मग बाकी सगळं. विमानतळ बदलत असतात, पट्टी वाढते, दिवे येतात, दिवे जातात. “नकाशा म्हणजे ओळख. निघायच्या आधी ताजी खबर वेगळी मागायची. पण ओळख तरी शिळी नको,” त्या म्हणायच्या. दुधाची पिशवी, सर्दीच्या गोळ्या, लग्नाची पत्रिका, सगळ्यांची तारीख आधी. जुने झालेले नकाशे त्या फेकत नसत. त्यावर लाल पेन्सिलीने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारायच्या, म्हणजे चुकून कोणी वापरायला नको, आणि स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरायच्या. त्यामुळे त्यांचे डाळींचे डबे कोणत्या ना कोणत्या समुद्रात उभे असत.

आता ज्या रविवारविषयी सांगायचं आहे, त्याआधी एक-दोन गोष्टी मी पाहिल्या होत्या. बाईंनी पेल्यातली कॉफी वाटीत ओतताना धार बाहेर गेली. जिन्यात त्यांनी मला वॉचमन समजून लिफ्टबद्दल रागावून घेतलं. मी विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, “डॉक्टरला ठाऊक अहे, मला ठाऊक अहे. नजरेच्या मधोमध धुकं बसतंय. कडेनं दिसतं. परवाइल्लै, चालतंय.” काही बिघडलं नाही, असं म्हणत त्या शिकवत राहिल्या, आणि आम्हाला वाटलं खरंच बिघडलं नाही, कारण त्या नेहमीसारख्याच टेबलावर वाकून, बोट ठेवून, फाडफाड वाचत होत्या.

त्या रविवारी नव्या आवृत्तीचा नकाशा काचेखाली आला होता. बाईंनी एका आडगावच्या धावपट्टीवर बोट ठेवलं आणि माहिती सांगितली. नाव, उंची, “एल, एच,” लांबी. मुलं लिहून घेत होती.

मुक्ता म्हणाली, “मॅम, इथे एल नाहीये. इथे रेघ आहे.”

“असं कसं? तिथे दिवे अहेत. मी स्वतः नोंद तपासली होती.”

“नवीन शीटवर रेघ आहे, मॅम.”

बाईंनी काच सरकवायला लावली. नकाशा घेऊन त्या खिडकीपाशी गेल्या. भिंग लावलं, मान तिरकी केली, डोळ्याच्या कडेने पाहायचा प्रयत्न केला. खाली साड्यांच्या दुकानाची जाहिरात चालूच होती. बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. मग नकाशा घडी न करता मुक्ताच्या हातात दिला.

“मी वाचलं नाही,” त्या म्हणाल्या. “मला आठवलं.”

एका मुलाने वहीत लिहिलेला एल खोडला.

“कितीतरी दिवस मी आठवूनच सांगतेय. तुमाला वाटलं वाचते. मलाही तसंच वाटलं.” त्यांनी पदर सावरला. “दिवे अहेत समजून कोणी संध्याकाळी तिथे गेला, तर? खाली काळोख. आज पोदुम. पुरे. घरी जा.”

त्या आठवड्यात त्यांनी आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांना, परीक्षा देऊन गेलेल्यांनाही, एकेकाला फोन केला. नंबर मामी लावून द्यायच्या. प्रत्येकाला एकच सांगणं: अलीकडे मी जे आठवणीने सांगितलं ते नव्या नकाशावर पुन्हा तपासून घ्या. एका पोराने, आता तो मोठ्या विमानावर आहे, म्हटलं म्हणे, मॅम, आम्ही तपासतोच, तुम्हीच शिकवलंत. त्यावर त्या म्हणाल्या, “मग हे एकदा जास्त तपास.”

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर दाराला पुठ्ठा होता. ‘वर्ग’, आणि पुढे रेघ.

मुक्ता जिन्यातच बसली. “मी बोलायला नको होतं, बाबा. नंतर हळूच सांगायला हवं होतं. सगळ्यांसमोर कशाला बोलले?” माझ्या मुलीच्या तोंडून माझंच बोलणं ऐकताना मी घाबरलो. उंचीचे आकडे तिला मी दिले नव्हते, पण हे दिलं होतं. तिची परीक्षा जवळ आली होती, पण परीक्षेचं काय, दुसरीकडे शिकली असती. चूक दाखवल्याची शिक्षा म्हणून एक वर्ग बंद पडला, हे मनात घेऊन ती विमानात बसणार होती का? आणि आत बसलेल्या बाई रविवारी सकाळी काय करणार होत्या?

मी बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं आणि माझ्या आकाराकडे तिरकं पाहून म्हणाल्या, “मिस्टर कोल्हापूर. माफी मागायला आलांत नां?”

“हो. म्हणजे मुक्ता…”

“तिनं रेघ पाहिली आणि रेघ म्हणाली. त्यात माफी कुठे ठेवू मी? हिकडे या आत, जिन्यात तमाशा नको.” मग जिन्याकडे तोंड करून, “एन्नम्मा, तू काय रडतेस? माझ्या सगळ्या शिकवण्यात ते एक वाक्य खरं उपयोगाचं निघालं, ‘इथे रेघ आहे.’ रडायचं असेल तर त्यावर मी रडायचं, आनंदानं.”

“मग पुठ्ठा का लावलात?” मुक्ता जिन्यातून म्हणाली. ती चिडली होती.

“कारण मला दिसत नाही.”

“मला दिसतं.”

“म्हणून?”

मुक्ता उठली, आमच्यामधून वाट काढत आत गेली, टेबलाशी बसली आणि काचेखालच्या नकाशावरून मोठ्याने वाचायला लागली. एका विमानतळाचं नाव घेतलं, लांबी सांगितली, मग उंची.

“थांब,” अंबुजाबाई दारातूनच म्हणाल्या. “तारीख?”

मुक्ताने कोपऱ्यातली तारीख वाचली.

“आता नाव. मग उंची, लांबी नव्हे. उडी मारू नको, माकड अहेस की काय?”

मुक्ताने पुन्हा वाचलं. बाई चालत आल्या, खुर्ची चाचपून बसल्या आणि डोळे मिटून घेतले. “उंची ऐकली. आता सांग, घिरटी कितीवर?” मुक्ताने सांगितलं. “दिवे?” “एल.” “म्हणजे आज रात्री नक्की लागतील?” “नाही, मॅम. ताजी खबर विचारायची.” “पुढचं गाव.”

त्या सकाळी मुक्ता एकटी वाचत होती. मी दारावरचा पुठ्ठा काढावा की नाही ते न सुचून त्याच्याशेजारी उभा होतो.

“काढा तो,” बाई डोळे न उघडता म्हणाल्या. “तुमी तिथेच उभे अहांत हे मला ऐकू येतंय. तुमचा श्वाससुद्धा माफी मागतो.”

पुढच्या रविवारपासून वर्ग तसाच चालू लागला. टेबलाभोवती मुलं, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने त्याच्या बोटावर नजर ठेवायची, आणि बाईंनी फक्त ऐकायचं. स्वतःहून एकही आकडा सांगायचा नाही, असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला. जीभ शिवशिवायची. कोणी मदुराई वाचायला लागलं की त्यांचे ओठ हलायचे, पण आवाज यायचा नाही. गंमत अशी की मुलं आधीपेक्षा बरी वाचायला लागली. पूर्वी बाई सांगायच्या आणि ती लिहून घ्यायची. आता त्यांना स्वतः पाहावं लागत होतं. बाईंच्या कानाला चाचरलेला आवाज ताबडतोब कळायचा. “तू अंदाज मारलास. पुन्हा बघ.” आणि खरोखरच अंदाज मारलेला असायचा.

मुक्ता परीक्षा पास झाली आणि पठारावरच्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये गेली. तिथे जमीनच दीड हजार फुटांवर. पहिल्या दिवशी तिने बाईंना फोन करून सांगितलं, “मॅम, मी जमिनीवर आहे आणि उंचीचं मीटर पंधराशे दाखवतंय.” बाई आठवडाभर ते वाक्य सगळ्यांना ऐकवत होत्या.

ती पहिल्यांदा एकटीने दुसऱ्या गावी विमान घेऊन जाणार होती, त्या दिवशी मी रजा टाकली. घरी बसवेना. कारण नसताना टी. नगरला गेलो. बाईंनी मला स्टुलावर बसू दिलं नाही, टेबलाशी बसवलं. दुपारी मुक्ताचा फोन आला, तो मी स्पीकरवर टाकला. निघायला उशीर झाला होता, तिकडे सकाळी धुकं होतं, मग दुसरी विमानं आधी गेली.

“वाच,” बाई म्हणाल्या.

मुक्ताने फोनवर वाचलं. तारीख, नाव, उंची, “रेघ, एच,” लांबी. तिचा आवाज घाईचा होता.

“रेघ पुन्हा वाच.”

“रेघ, मॅम. दिवे नाहीत.”

“सूर्य किती वाजता मावळतो तिथे?”

मुक्ताने सांगितलं. मग आपोआप हळू बोलू लागली. जायला इतका वेळ, तिथे इतका, परत यायला इतका. गणित बसत होतं, पण काठावर बसत होतं. तिचे शिक्षक तिला जायला हो म्हणाले होते.

“आज नको जाऊ का, बाबा?” तिने मला विचारलं.

माझ्या तोंडाशी दहा उत्तरं आली, सगळी भीतीची. बाईंनी टेबलावर माझ्या हाताच्या मनगटावर बोट ठेवलं, नकाशावर ठेवतात तसं, आणि मी गप्प राहिलो.

“उद्या,” मुक्ता स्वतःच म्हणाली. “उद्या सकाळी जाते. सरांना सांगते, आज माझी रेघ.”

“सरी, बरं,” बाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्या मनगटावरचं बोट उचललं. मग म्हणाल्या, “आता ही पास झाली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ता गेली आणि परत आली. तिचा फोन आला तेव्हा मी पुन्हा टी. नगरमध्येच होतो, रजा वाढवून. तिने एवढंच सांगितलं, “बाबा, वरून गाव अगदी नकाशासारखं दिसतं. फक्त नाव लिहिलेलं नसतं.” बाईंनी ते ऐकून मामींना बोलावलं आणि तिघांची कॉफी केली. एक थेंब बाहेर गेला नाही, कारण ओतताना आता त्या बोट पेल्याच्या काठावर ठेवायच्या.

मी निघालो तेव्हा जिन्यात एक मुलगी भेटली. पाठीवर बॅग, हातात गुंडाळलेला नकाशा. “अंकल, अंबुजा मॅम इथेच ना?” तिने इंग्रजीत विचारलं. मग आवाज उतरवून म्हणाली, “ऐकलं की त्यांना दिसत नाही आता. तरी शिकवतात?”

मी काय सांगावं ते ठरवत होतो. तेवढ्यात वरून आवाज आला. अंबुजाबाई कठड्याला धरून उभ्या होत्या, मान किंचित तिरकी, नजर आमच्या बाजूच्या भिंतीवर.

“एल नाही, कण्णा. रेघ. पण पट्टी पक्की अहे, बारमाही,” त्या म्हणाल्या. “ये वर. येता येता सांग, आत्ता किती उंचीवर उभी अहेस?”